न्याय तगीब्याड

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. शेजारच्या दोघी जावांचं नळावरून जुंपलं होतं. आमच्या अत्तींनी खिडकी ओढून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘दिना न्याय इवरदु!’’ मी चमकले. मला शाळेपासून ठाऊक असलेला न्याय म्हणजे कोर्टातला, रामशास्त्र्यांचा. शेजारी रोज न्याय होतो म्हणजे भलतंच सुखी कुटुंब म्हणायचं! मग यांनी हसत हसत उलगडा केला. आपल्या इकडच्या कन्नडमध्ये न्याय म्हणजे भांडणसुद्धा. ‘न्याय तगीब्याड’ म्हणजे उगाच भांडण उकरून काढू नकोस. अंगणात पोरं ओरडली तरी अत्ती हेच म्हणायच्या, आणि सुनेनं दोन शब्द जास्त उच्चारले तरी हेच.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी एक भाषा चुलीपाशी आणि दुसरी सोप्यावर अशी वाटणी असते, त्यांना यात नवल वाटणार नाही. दोन भाषांत एकच शब्द दोन चेहऱ्यांनी वावरतो. ‘मर्यादा’ घ्या. आपण मराठीत ती कुंपणासारखी वापरतो, ‘मर्यादा सोडू नकोस’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘मर्यादी’ म्हणजे मान, अब्रू. कुंपण आणि अब्रू एकाच शब्दात का राहतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. नव्या घरात सगळे शब्द भराभर उचलायचे असतात. मीही उचलले. ‘न्याय तगीब्याड’ वर्षभरात माझ्या तोंडात इतकं बसलं की ते मी कुठे कुठे वापरते याचंही भान राहिलं नाही.

मागच्या महिन्यात एका इंग्रजी पुस्तकानं ते भान आणून दिलं, म्हणून आज त्या पुस्तकाविषयी.

पुस्तक आणलं लेकीनं. ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणीच्या ताईनं बेंगळुरूहून आणलेलं, हातोहात फिरून कोपरे मऊ झालेलं. ‘‘आई, ही कादंबरी आहे, पण सगळी कवितेत आहे,’’ म्हणाली. यांनी पानं चाळली आणि अभिप्राय दिला, ‘‘निम्मा कागद कोराच आहे की! पैसे मात्र पूर्ण घेतले असणार.’’ पुस्तकाचं नाव ‘ब्लड वॉटर पेंट’, म्हणजे रक्त, पाणी, रंग. लेखिका जॉय मॅककलो, अमेरिकन. २०१८ साली आलेली ही तिची पहिली कादंबरी, कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली. त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लांबलचक पहिल्या यादीत ती होती.

कादंबरी कवितेत असणं आपल्याला खरं तर नवीन वाटायला नको. गोष्ट पद्यातच सांगायची असते अशी आपल्या दोन्ही भाषांची कित्येक शतकांची समजूत होती. मराठीत आख्यानकाव्यं झाली, रघुनाथ पंडितांचं ‘नलदमयंती स्वयंवराख्यान’ झालं, मोरोपंतांनी महाभारत आर्येत घातलं. कन्नडमध्ये कुमारव्यासाचं ‘गदुगिन भारत’ भामिनी षट्पदीत आहे आणि गमकी ते अजूनही गाऊन सांगतात. आमच्या अत्ती गदगकडच्या. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते तो भाग लागला की त्या हातातली निवडायची भाजी तशीच धरून बसतात. इंग्रजीत अलीकडे विक्रम सेठ यांनी १९८६ साली ‘द गोल्डन गेट’ ही अख्खी कादंबरी सुनीतांत लिहिली, ती एम.ए.ला असताना आम्ही मोठ्या कौतुकानं वाचली होती. पण ती सगळी बांधीव वृत्तं. मॅककलोबाईंचं हे पुस्तक मुक्तछंदात आहे. ओळ कधी चार शब्दांची, कधी एकाच. मुलीचा श्वास लांब असेल तेव्हा ओळ लांबते, घाबरली की तुटते. दोन पानं वाचली की कोऱ्या जागेचा राग जातो.

गोष्ट रोममधली, १६१० ते १६१२ या काळातली, आणि खरी. आर्तेमिझिया जेंतिलेस्की ही चित्रकार ओराझियो जेंतिलेस्कीची थोरली मुलगी, जन्म १५९३ चा. बारा वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. मागे तीन धाकटे भाऊ. मुलगी घर सांभाळायची आणि बापाच्या चित्रशाळेत रंग घोटायची, मग हळूहळू स्वतःच चित्रं काढू लागली. सतराव्या वर्षी तिनं काढलेलं ‘सुझॅना आणि वृद्ध’ हे चित्र आज जर्मनीत आहे. त्यावर तिची सही आणि १६१० हे साल आहे.

या सुझॅनाची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण कादंबरीत तिला मोठं काम आहे. बायबलच्या जुन्या परंपरेतली ही कथा. बागेत स्नान करणाऱ्या सुझॅनाला दोन म्हातारे न्यायाधीश चोरून पाहतात आणि धमकावतात, आमच्या मनासारखं कर, नाहीतर तुला परपुरुषासोबत पाहिलं अशी साक्ष देऊ. ती नकार देते. ते साक्ष देतात. तिला देहदंड होणार एवढ्यात दानियल नावाचा तरुण पुढे येतो आणि त्या दोघांना वेगवेगळं उभं करून एकच प्रश्न विचारतो, कोणत्या झाडाखाली पाहिलं? दोघं दोन झाडं सांगतात. उलटतपासणी म्हणजे काय, हे मुलांना शिकवायला यापेक्षा सोपी गोष्ट मला माहीत नाही. तर ही सुझॅना अनेक नामवंत पुरुष चित्रकारांनी काढली. बहुतेकांच्या चित्रात ती आरामात बसलेली, आरशात पाहत असलेली, जणू बघणाऱ्यांची वाटच पाहते आहे. सतरा वर्षांच्या या मुलीनं काढलेली सुझॅना अंग आखडून वळली आहे, हात वर करून दूर ढकलते आहे आणि तिच्या मानेवर त्या दोघांचा भार आहे. कठड्यावरून असं कुणी वाकलं की कसं वाटतं, ते ठाऊक असल्याशिवाय हे चित्र निघत नाही.

कादंबरीत सुझॅनाची आणि पुढे जुडिथची गोष्ट आर्तेमिझियाला तिची आई सांगते, आठवणीत. गंमत अशी की आईच्या या गोष्टी गद्यात आहेत आणि मुलीचं रोजचं जगणं पद्यात. आपल्याकडे याच्या अगदी उलट. आपली आई-आजी जुनी गोष्ट ओवीत सांगते आणि चालू काळाचं रडगाणं गद्यात. मी हे लेकीला म्हटलं तर ती म्हणाली, ‘‘आई गेलीय ना तिची. आईचं बोलणं पक्कं झालंय. हिचं अजून व्हायचंय.’’ एम.ए. माझं आहे, हे त्या दिवशी मला स्वतःला सांगावं लागलं.

तर पुढे. ओराझियोबरोबर काम करणारा आगोस्तिनो तास्सी हा चित्रकार घरी येऊ-जाऊ लागला. यथादर्शन, म्हणजे चित्रात जवळचं-लांबचं दाखवण्याची विद्या, यात तो तरबेज होता आणि मुलीला ती शिकवायची म्हणून त्याला घर मोकळं झालं. मे १६११ मध्ये त्यानं तिच्यावर बलात्कार केला. मग लग्नाचं वचन दिलं. त्या काळी अशा मुलीची अब्रू वाचवायचा दुसरा मार्गच समाजानं ठेवलेला नव्हता, म्हणून त्या वचनावर ती कित्येक महिने थांबली. लग्न झालं नाही. होणारही नव्हतं, कारण त्याचं आधीच झालेलं होतं. १६१२ च्या सुरुवातीला ओराझियोनं थेट पोप पाचव्या पॉलकडे अर्ज केला आणि खटला उभा राहिला.

हा अर्ज बापाचा, हे लक्षात घ्या. कायद्याच्या दृष्टीनं नुकसान झालं होतं ते घराचं. त्याच अर्जात घरातलं एक चित्र लांबवल्याचीही तक्रार आहे. मुलगी आणि चित्र एकाच कागदावर.

खटला सुमारे सात महिने चालला. त्याची कागदपत्रं रोमच्या सरकारी दप्तरखान्यात आजही आहेत, म्हणून चारशे वर्षांनंतर तिचं बोलणं आपल्यापर्यंत पोचतं. साक्षीत ती सांगते की मला लिहिता येत नाही, वाचता थोडंसं येतं. दोन सुइणींनी तिची तपासणी केली, कारकुनाच्या हजेरीत. तास्सीच्या बाजूनं साक्षीदार उभे राहिले ते तिची चालचलणूक वाईट होती हे सांगायला. आणि मग तिची साक्ष खरी की खोटी हे ठरवण्यासाठी तिचे हात बांधले गेले. आरोपीचे नाही, तिचे. बोटांभोवती दोऱ्या गुंडाळायच्या आणि त्या आवळत जायच्या अशी ती रीत होती. चित्रकार मुलीची बोटं. तास्सी समोर उभा होता. खरं आहे, खरं आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि त्याच अवस्थेत त्याला म्हणाली की तू देणार होतास ती अंगठी हीच का. हे वाक्य कुणा लेखिकेनं रचलेलं नाही, कोर्टाच्या कारकुनानं टिपून ठेवलं आहे. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसले.

सुझॅनाच्या गोष्टीत दानियलनं प्रश्न आरोप करणाऱ्या न्यायाधीशांना विचारले. रोममध्ये ते मुलीला विचारले. आणि हे फक्त रोमचंच आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. १९७२ साली महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं ओरडा केला नाही, अशी कारणं देत १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची चालचलणूक काढून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा आपल्या पुरावा कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत होती. सुइणींच्या तपासणीसारखीच ‘दोन बोटांची चाचणी’ इथल्या दवाखान्यांतून चालत असे. ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितलं. १६१२ आणि २०२२. वजाबाकी लेकीनं तोंडी केली.

आता पुस्तकाविषयी एक-दोन तक्रारी. बाप ओराझियो कादंबरीत दारुडा, सुमार आणि मुलीच्या चित्रांवर आपलं नाव घालणारा दाखवला आहे. खरा ओराझियो स्वभावानं कसा का असेना, चित्रकार म्हणून सुमार नव्हता. इंग्लंडच्या राजानं त्याला दरबारी बोलावून घेतलं होतं आणि त्याची चित्रं मोठ्या संग्रहालयांत आहेत. मुलगी मोठी दिसावी म्हणून बापाला बुटकं करायची गरज नव्हती. दुसरं म्हणजे ही मुलगी कधी कधी फारच आजच्या मुलीसारखी विचार करते. सतराव्या शतकातल्या रोमन मुलीला ‘मी’ हा शब्द इतक्या सहज सुचत असेल का, असं मनात येतं. पण दप्तरातली साक्ष वाचली की वाटतं, असेलही.

आणि कादंबरी खटल्याच्या आसपास संपते, तिथून तर खरं आयुष्य सुरू झालं! नोव्हेंबर १६१२ मध्ये निकाल लागला. तास्सी दोषी ठरला, त्याला रोममधून हद्दपारी झाली आणि ती त्यानं धड भोगलीसुद्धा नाही. निकालानंतर लगेच आर्तेमिझियाचं लग्न लावून दिलं गेलं आणि ती फ्लोरेन्सला गेली. तिथे ती लिहायला शिकली. तिची स्वतःची पत्रं आज छापलेली आहेत. १६१६ साली फ्लोरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली बाई. पुढे नेपल्स, लंडन. चाळीस वर्षं तिनं स्वतःच्या हातांवर पोट भरलं, त्याच हातांवर. २०१८ साली, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी, लंडनच्या नॅशनल गॅलरीनं तिचं एक आत्मचित्र ३६ लाख पौंडांना विकत घेतलं.

एवढं सगळं असूनही मला झोपू दिलं नाही ते पुस्तकातल्या एका दुय्यम पात्रानं. तिचं नाव तुत्सिया.

ही तुत्सिया इतिहासातही आहे. जेंतिलेस्कींच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारी भाडेकरू. आईविना पोरीच्या सोबतीला एक बाईमाणूस असावं म्हणून बापानं तिच्यावर भिस्त ठेवलेली. आर्तेमिझियाच्या साक्षीप्रमाणे त्या दिवशी ती तुत्सियाच्याच लहान मुलाचं चित्र काढत बसली होती. तास्सी आला, त्यानं हातातले ब्रश आणि रंगाची पाटी काढून फेकली आणि तुत्सियाला म्हणाला, जा इथून. मला सोडून जाऊ नकोस, असं मुलीनं तिला विनवलं. तुत्सिया उठली, पोराला घेतलं आणि गेली.

एवढंच. तिनं काही केलं नाही. फक्त उठून गेली.

रविवारी दुपारी लेकीनं ही सगळी गोष्ट अज्जीला कन्नडमध्ये सांगितली. अत्तींनी सुझॅना, दानियल सगळं ऐकून घेतलं. दोऱ्यांचा प्रसंग आला तेव्हा ‘‘शिव शिव’’ म्हणून कान झाकले. तुत्सियाचं ऐकून मात्र गप्प बसल्या. लेक तावातावानं म्हणाली, ‘‘अशा बाईला तर आधी शिक्षा द्यायला हवी होती.’’ तेव्हा त्या सावकाश म्हणाल्या, ‘‘पाप, बाडगी मन्याग इद्दाकी आकी. एल्लि होगबेकु?’’ बिचारी भाड्याच्या घरात राहणारी. जाणार कुठे?

हे मला सुचलं नव्हतं. चाळीस पानं टिपणं काढूनही नाही.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, ‘‘आई, तुझ्या कॉलेजात कुणी मुलगी अशी तुझ्याकडे आली, तर तू काय करशील?’’ आमच्या कॉलेजात आज तक्रार निवारण समिती आहे. जिन्याजवळ फलक आहे, त्यावर सदस्यांची नावं आणि नंबर आहेत, त्यात एक नाव माझं आहे. मी तिला तेच सांगितलं. तिनं मान हलवली. पण तिनं विचारलं होतं ‘करशील’ आणि मला ऐकू आलं होतं ‘केलंस’.

२००५ सालची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आहे. मी तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. तासाला मोजून पैसे, सुट्टीचे नाहीत, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही याची खात्री नाही. पहिल्या वर्षाची एक मुलगी, खेड्यावरून एस.टी.नं येणारी, घरी कन्नड बोलणारी, तास संपल्यावर दाराशी थांबली. ‘‘मॅडम, निम्म कूड वंद मात आडोदित्रि,’’ म्हणाली. तुमच्याशी एक बोलायचं होतं. माझी बसची वेळ झाली होती. ती ज्यांच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला जायची, त्या सरांविषयी ती सांगत होती. ते शहरातलं मोठं नाव होतं. तिनं फार काही सांगितलंच नाही. बाकीच्या मुली गेल्या की मला थांबवून घेतात, एवढं म्हणाली आणि पुढे नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली. तिला माझ्याकडून हवं होतं तेही थोडंच. शिकवणी नको, कॉलेजातच जास्तीचं शिकवू, असं तिच्या वडिलांना मी एकदा फोन करून सांगावं.

मी काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द आठवतं, कारण ते मी तिच्या भाषेत म्हटलं होतं आणि आपलं कन्नड आता किती छान झालं आहे याचा मला त्या क्षणीही अभिमान वाटला होता. मी म्हटलं, ‘‘मनी मर्यादी नोडबेकल्लव्वा. सुम्न न्याय तगीब्याड.’’ घरच्या अब्रूचा विचार करायला हवा ना गं. उगाच भांडण उकरून काढू नकोस. मैत्रिणीला सोबत घेऊन जात जा, परीक्षा तोंडावर आहे, अभ्यासाकडे लक्ष दे, वगैरे पुढचं मराठीत.

तिनं ‘‘हूं री’’ म्हटलं आणि गेली.

मला बस मिळाली. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, म्हणजे तेव्हा आठ वर्षांचा जुना. तो मला ठाऊक नव्हता, पण ठाऊक असता तरी मी फोन केला असता का, हे आज छातीठोक सांगता येत नाही. पुढच्या सत्रात ती आली नाही. लग्न ठरलं असं कुणीतरी म्हणालं. मी हजेरीपटात तिच्या नावापुढे रेघ मारली. बाडगी मन्याग इद्दाकी मीही होते, असं म्हणायचा मोह होतो. अत्तींनी तुत्सियाला दिलेली सवलत मला आपोआप लागू होते. पण तुत्सियाला निदान कुणीतरी दरडावून हाकललं होतं. मला कुणीही जा म्हटलं नव्हतं.

आर्तेमिझियानं पुढे जुडिथचं चित्र काढलं. एकदा खटल्याच्या सुमारास, ते नेपल्समध्ये आहे, आणि पुन्हा १६२० च्या आसपास, ते फ्लोरेन्सच्या उफिझीत आहे. जुडिथ ही शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत शिरून त्याचं शिर कापणारी विधवा. हाच प्रसंग कारावाज्जोनं आधी रंगवला होता. त्याच्या चित्रात जुडिथची दासी म्हातारी आहे आणि फडकं धरून बाजूला उभी आहे. आर्तेमिझियाच्या दोन्ही चित्रांत दासी तरुण आहे आणि बाह्या सरसावून अंगाचा सगळा भार टाकून तिनं त्या माणसाला दाबून धरलं आहे. लोक त्या चित्रातली तलवार आणि रक्त बघतात. लेकीनं मोबाइलवर मोठं करून दाखवलं तेव्हा मी त्या दासीचेच हात बघत होते.

गेल्या मे महिन्यात, हे पुस्तक घरात येण्याआधी, बसस्टँडवर एका बाईनं मला हाक मारली. ‘‘गुरुत सिक्कितेन्रि, मॅडम?’’ ओळखलंत का? मी आधी ओळखलं नाही. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची तिची सवय दिसली आणि ओळखलं. आता साडीचा पदर होता. बरोबर उंच, किडकिडीत मुलगी, हातात गुणपत्रिकांची फाइल. मुलीनं वाकून नमस्कार केला. आईनं नवऱ्याचं दुकान, शेत, धाकटीची शाळा सगळं सांगितलं. जुनी गोष्ट तिनं काढली नाही, मीही नाही. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘‘निम्म कालेजिगेनऽ हाकबेकंत माडीन्रि. नीव अदीरल्ल अल्लि.’’ तुमच्याच कॉलेजात घालायचं म्हणतेय. तुम्ही आहात ना तिथं.

त्यांची गाडी लागली. लोक पिशव्या घेऊन दाराकडे धावले. मी पर्समध्ये कागद शोधला, नव्हता. शेवटी तिकिटाच्या मागच्या बाजूला माझा नंबर लिहिला आणि तो आईच्या नव्हे, मुलीच्या हातात दिला. तिनं तो फाइलीत गुणपत्रिकांच्या मध्ये ठेवला.